बारावं पदक

अकरावं पदक खिळ्याला अडकवून तो दोन पावलं मागे सरकला. मग पुढे येऊन त्याने ते जरासं डावीकडे केलं.

"बाराव्याला खिळा कुठे ठोकणार?" बायकोने विचारलं. "तिथे कॅलेंडर आहे."

"कॅलेंडर हलेल," तो म्हणाला. "वर्ष तसंही संपत आलंय."

हे सगळं साडूमुळे सुरू झालं होतं. साडू दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून बोलायची सवय, त्यामुळे उलट उत्तर ऐकायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. तीन वर्षांपूर्वी तो एक अर्धमॅरेथॉन धावला होता आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक जेवणाला ती पुन्हा धावायचा. काळं पडलेलं अंगठ्याचं नख मोजा काढून दाखवायचा, तेही पानं वाढत असताना.

जानेवारीतल्या अशाच एका जेवणात साडू म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही बैठ्या कामाची माणसं. तुमचं काम नाही ते."

सगळे हसले. बायकोही हसली. तेच त्याला लागलं.

तो नावाच्या पाट्या, कप, पदकं आणि ढाली कोरायचा. पोहण्यात पहिली, वक्तृत्वात दुसरा, पाककलेत उत्तेजनार्थ. शहरातला प्रत्येक विजय आधी त्याच्या टेबलावरून जायचा, मग विजेत्याकडे. वीस वर्षं तो दुसऱ्यांची नावं कोरत होता. स्वतःचं नाव त्याने फक्त घराच्या दारावर कोरलं होतं, आणि तिथेही बायकोच्या नावाखाली.

"दर महिन्याला एक," पाण्याचा पेला खाली ठेवत तो म्हणाला. "धावक मंडळाची दहा किलोमीटरची शर्यत असते ना, दुसऱ्या रविवारी? वर्षभर. एकही खाडा नाही."

साडूचा घास हातातच राहिला.

तेव्हापासून दुसरा रविवार ठरून गेला. पहाटे पाचला उठायचं, बूट चढवायचे, दार हळूच ओढून घ्यायचं. नऊला परत, गळ्यात पदक. शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मंडळ पदक द्यायचं. त्याबद्दल तो मोजकंच बोलायचा. "आज तीनशे वीस जण होते." किंवा, "वाऱ्याने घात केला." वेळ किती लागला असं साडूने विचारलं, की शांतपणे म्हणायचा, "घड्याळाकडे बघून धावणारा मी नाही."

"आणि नख?" साडूने एकदा आशेने विचारलं.

त्याने मोजे काढले. दहाच्या दहा नखं गुलाबी.

"पाऊल कसं टाकता, त्यावर असतं ते," तो म्हणाला. साडूने त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

घरात त्याचं वजन वाढलं. चार किलो काट्यावर, बाकीचं मानाचं. मेव्हणी पहिलं पान त्याचं वाढू लागली. बायको फोनवर कुणालाही, अगदी चुकून लागलेल्या नंबरालाही, "आमचे हे धावतात" म्हणून सांगू लागली.

डिसेंबरच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी साडू दारात उभा राहिला. हातात छातीवर लावायचे दोन क्रमांक.

"बारावी शर्यत, आणि एकटे धावणार? मीही नाव घातलंय. तुमचा क्रमांक घेऊनच आलो. आणि या दोघी बहिणी शेवटच्या रेषेवर उभ्या राहणार."

"एवढा त्रास कशाला," तो म्हणाला.

"त्रास कसला, अहो," बायको म्हणाली. "वर्षात एकदा तरी बघू दे की."

पहिला किलोमीटर तो साडूच्या बरोबरीने धावला. दुसऱ्याला साडूची फक्त पाठ दिसू लागली. तिसऱ्याला त्याच्या बरगडीखाली सुरी फिरल्यासारखी कळ उठली. चौथ्याला एक बाई बाबागाडी ढकलत पुढे गेली. आतलं बाळ झोपलेलं होतं. पाचव्याला केळ्याचा वेश घातलेला एक माणूस "चला काका, जमतंय" म्हणत पुढे निघून गेला. सहाव्याला चढ लागला. नकाशावर हा चढ एवढा नव्हता.

सातव्याला रुग्णवाहिका त्याच्या शेजारून सरपटू लागली.

"बसा की," ड्रायव्हर म्हणाला. "आत पंखा आहे."

त्याने डोकावून पाहिलं. पंखा खरंच होता. पण शेवटच्या रेषेवर बायको उभी होती.

"नको," तो म्हणाला. "आज नको."

आठवा त्याने जवळजवळ चालत काढला. नवव्याला काय झालं कोण जाणे, पाय पुन्हा धावू लागले. त्याच्या मागे आता कुणीच नव्हतं, फक्त रस्त्यावरचे अडथळे गोळा करणारे दोघे. शेवटच्या रेषेवरच्या फुगीर कमानीतली हवा सोडायला सुरुवात झाली होती. तो वाकून तिच्याखालून पार झाला. एक तास बावन्न मिनिटं. सगळ्यात शेवटचा. पण धावत.

बायको टॉवेल हवेत फिरवत आली. साडूचे हात त्याच्या मनाविरुद्ध टाळ्या वाजवत होते. साडूच्या गळ्यात पदक केव्हाच आलं होतं.

"रडताय काय?" बायको म्हणाली. "बाराव्यांदा ना?"

आयुष्यात इतकं छान त्याला कधीच वाटलं नव्हतं.

रिकामं खोकं घेतलेली मंडळाची एक मुलगी समोर आली. "काका, सॉरी. पदकं संपली."

साडू पुढे झाला. "संपली म्हणजे? बारा महिने, बारा शर्यती, या माणसाचा एक खाडा नाही, आणि त्यालाच पदक नाही?"

"दर महिन्याला असंच होतं," मुलगी रडवेली झाली. "आम्ही मोजून मागवतो, तरी खोक्यात एक कमीच निघतं. वर्षभर शेवटचा माणूस रिकाम्या गळ्यानेच घरी जातोय."

"कोण बनवतो ही पदकं?" साडू गरजला. "नाव सांगा त्या चोराचं."

तो अजून गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. हळूहळू सरळ झाला. छाती पुढे काढली आणि विजेते करतात तसा एक हात वर केला.

"मी," तो म्हणाला. "आणि ही माझी पहिलीच शर्यत."