दसऱ्याचं कुंकू

"काका, कीबोर्डाखाली हळद-कुंकू सापडलं. वॉरंटी बाद! कंपनी आता हा लॅपटॉप दुरुस्त करणार नाही," सर्व्हिस सेंटरमधली मुलगी म्हणाली.

सदावर्त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. लेकीचा अख्खा प्रबंध त्यात होता; उद्या जमा करायचा होता. दुसरीकडे कॉपी ठेवते म्हणाली, तर त्यांनीच तिला वेड्यात काढलं होतं, "या कंपनीचं मशीन दगा देत नाही!"

"अहो, बंद पडला तो तुमच्या अपडेटनं! कुंकू तर मी दर दसऱ्याला वाहतो, तुमचं पहिलं मशीन आलं तेव्हापासून."

"कंपनीनं पूजा सांगितली नव्हती, काका. नवं मॉडेल दाखवू?"

लेकीचा फोन आला. "बाबा, झाला का सुरू?"

"नाही गं, बाळा. इतकी वर्षं मी दगडाला शेंदूर फासत होतो."