अकरा पत्रांचे उत्तर

“थोडे शब्द कमी करता येतील का, चाचा?” केदारने विचारले.

अय्युबचाचांनी पाटीवर लिहिले: एकबी शब्द बदलू नका.

जबडा काढल्यापासून ते पाटीवरच बोलत. त्याआधी तीस वर्षे ते अकोल्याहून रोज बडनेऱ्याच्या कारखान्यात जाऊन परदेशी जाणाऱ्या जर्द्याच्या पुड्या भरत होते. इथल्या पुडीवर सरकारी इशारा आणि विंचवाचे चित्र असे. परदेशी पुडीवर नुसते सोनेरी पान. ज्यांना आपण कधी पाहणार नाही, त्यांनाही कळले पाहिजे, या हट्टापायी त्यांनी कंपनीला अकरा पत्रे लिहिली. उत्तर एकालाही आले नाही. आज निर्यात विभागाचा केदार स्वतः घरी आला होता.

“तिकडे नवा कायदा झाला,” तो म्हणाला. “पुडीवर इशारा नसेल तर माल बंदरावरूनच परत. चार ओळींचा कायदा आहे. इशारा हवा, बस. मी दहादा वाचला. तिथे चाचांचेच शब्द छापू.”

“इतकी वर्षे का नाही छापला?” चाचांची मुलगी निखत म्हणाली. ती शाळेत शिक्षिका होती.

“कोणी मागितलाच नव्हता, मॅडम. इथे रोज किती शेतकरी गेले, ते पेपरात तरी येते. तिकडचे कोण मोजून राहिले?”

निखतने वडिलांचा कागद पुढे केला. ‘मी हे तीस वर्षं भरलं अन् खाल्लंबी. आता मले पाणी पिता येत नाही. तुमी खाऊ नका.’

“याचे इंग्रजी करून देते. भाषांतर करणाऱ्याला सोपे जाईल.”

“कशाला त्रास? हेच पुरे.” केदारने कागदाची घडी केली. “चाचा, तुम्हाले शब्द देतो. एक अक्षर बदलणार नाही.”

चाचांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दोन महिन्यांनी निखत कारखान्यातून नवी पुडी घेऊन आली. तोवर चाचांच्या नाकात नळी होती आणि डोळे उघडत नव्हते. तिची चाहूल लागताच त्यांनी चाचपडत पाटी ओढली. अक्षरे एकमेकांवर चढली होती: बदललं काय?

निखतने पुडी पुन्हा उलटसुलट पाहिली. पुढे सोनेरी पान. नाव, चव, वजन, सारे त्या देशाच्या लिपीत. मागे फक्त अब्बांचा मजकूर. देवनागरीत, वऱ्हाडीत.

“नाही, अब्बा,” ती म्हणाली. “एक अक्षरही नाही.”