घारबाईंची झोप

घारबाईंनी टेबलावर डोकं टेकलं आणि दहावीच्या अख्ख्या वर्गाच्या अंगावर काटा आला.

"झालं, सोंग सुरू," उंट पुटपुटला. उंट म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. बसायचा शेवटच्या बाकावर, पण मान पार पहिल्या बाकापर्यंत पोचायची.

गणिताची परीक्षा चालू होती, आणि घारबाईंचं झोपेचं सोंग शाळाभर गाजलेलं. डोळे मिटायचे, मान टाकायची, आणि कुणाची नजर शेजारच्या पेपरावर गेली रे गेली की, "चल, हो बाहेर!" मागच्या परीक्षेला तर चक्क घोरल्या होत्या. त्या घोरण्यावर विसंबून खिडकीकडची सगळी रांग गारद झाली. बाईंना पाठीलाही डोळे आहेत, आणि त्यातल्या एकाला चष्मा लागलाय, असं पोरं म्हणायची. त्यांनी फेकलेला खडू म्हणे एकदा एकाच्या खिशातली चिठ्ठी घेऊन परत बाईंच्या हातात आला. आता हे जरा जास्त होतं, पण खिशात चिठ्ठी असणाऱ्याला खरंच वाटायचं.

तेव्हा आज फसणार कोण? सगळ्या माना खाली. इतकी इमानदार परीक्षा त्या शाळेत ना कधी झाली, ना होईल. ज्याला काही येत नव्हतं तोही कोऱ्या कागदाकडे बघत होता, पण स्वतःच्याच.

दुसऱ्या बाकावरची खारूताई तेवढी सारखी वर बघत होती. एका जागी बसवत नाही म्हणून पडलेलं नाव. बाईंनी पेपर देतानाच तिला बजावलं होतं, "आज जागची हललीस तर पेपर फाडीन. मग आईला घेऊनच यायचं शाळेत."

पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरच्या पुरवण्या उडाल्या आणि फरशीवर पसरल्या. बाईंनी हातसुद्धा पुढे केला नाही.

"ए, बाईंना काहीतरी होतंय," खारूताई कुजबुजली.

"आपल्याला तेच वाटावं, हेच तर हवंय त्यांना," शेजारीण ओठ न हलवता म्हणाली.

"मानेवरचा घाम बघ. पंख्याखाली बसल्यात गं!"

"पाणी लावून आल्या असतील," मागून उंट. "तरुणपणी नाटकात कामं करायच्या म्हणे."

"आमच्या आजोबांची साखर उतरली की असंच होतं. अगदी असंच."

"मग जा ना! पेपर तुझा फाटेल, आमचं काय जातंय?"

खारूताई खाकरली. "बाई, पुरवणी हवी होती."

बाईंच्या तोंडातून काहीतरी अर्धवट, बोबडं आलं.

"ऐकलंस? जाग्या आहेत," शेजारीण म्हणाली. "बस गप."

खारूताईने पेपराकडे बघितलं. शेवटचं गणित सुटतच आलं होतं. तिने पेन खाली ठेवलं आणि उठली. बाक असं करकरलं की खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असेल. फटाक्याची वात पेटली की मिटतात ना, तसे वर्गाने डोळे मिटून घेतले.

फटाका फुटला नाही.

"हात बर्फ झालाय यांचा! साखर आहे का कुणाकडे? गोड काहीही!"

कुणी हललं नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"ही सामील नसेल कशावरून?" कुणीतरी म्हणालं. "खिसे रिकामे करायला लावायची नवी युक्ती असेल."

"अरे गाढवांनो, बाई जातील!"

तिचा आवाज फाटला. तेवढ्यावर उंट उभा राहिला. संध्याकाळी त्याची मॅच होती, खिशात ग्लुकोजची पुडी होती. पुडी ओढली आणि तिच्याबरोबर सूत्रांची चिठ्ठीही बाहेर आली, घडीसुद्धा न मोडलेली. बाईंचे डोळे मिटलेले होते, तरी उंटाचा धीर सुटला. पुडी त्याने खारूताईच्या हातात कोंबली आणि चिठ्ठी स्वतःच्या तोंडात.

खारूताईने बोटावर पूड घेतली आणि बाईंच्या ओठांच्या आतून चोळली. पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. शेजारीण ऑफिसकडे धावत सुटली. बाकीचा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला, एकही पोर जागेवर नाही.

"गिळा बाई. हळूहळू गिळा," खारूताई म्हणत होती.

मागे उंटही गिळत होता.

थोड्या वेळाने, ऑफिसातून कुणी पोचायच्या आत, बाईंची पापणी हलली. पण त्याआधी हात हलला. टेबलावर चाचपत चाचपत तो सकाळी जमा झालेल्या नववीच्या पेपरांपाशी गेला, आणि बाईंनी तो गठ्ठा ओढून छातीशी धरला. मग डोळे उघडले. भोवतीचे चेहरे त्यांनी एकेक करून तपासले.

"जागा... कुणी सोडली?"

आवाज चिंधीसारखा.

"कुणी कुणाचं बघितलं? खरं सांगा मला."

खारूताईने चिकट बोटं स्कर्टला पुसली.

"कुणीच नाही, बाई," ती म्हणाली. "तुम्ही बघत होतात ना."