माशांसाठी पंखा

गिऱ्हाईक कुकरचं झाकण उघडून-लावून बघत होतं, तेवढ्यात चंद्रप्पांचा फोन वाजला. हैदराबादहून महांतेश.

"अप्पा, पाणी तापलंय. घरी जाऊन बर्फाची बाटली सोडा टाकीत."

"दुकानात माणूस उभा हाय."

"मासे मरतील अप्पा. जावा लवकर."

चंद्रप्पांनी शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगितलं आणि उदगीरच्या भर उन्हात ते घराकडे निघाले. डोक्याला उन्हाचा ताप आणि मनात पोराचा. मासे महांतेशचे. काचेची टाकी त्याची. टाकीवरचं काडेपेटीएवढं यंत्रही त्यानंच जोडलेलं. पाण्यात एक तार सोडली होती. पाणी तापलं की यंत्र घरात गप्प राहायचं आणि तिकडं हैदराबादेत पोराचा मोबाइल वाजवायचं. मग पोरगा बापाला पळवायचा. भांड्यांच्या दुकानावर बसणार नाही म्हणून तो नोकरीला गेला, तेव्हा बापलेकांत शब्दानं शब्द वाढला होता. त्याचे मासे मात्र बापाच्या गळ्यात पडले होते.

"काढून टाका ते मशीन," घरात पाऊल टाकताच त्यांच्या पत्नी शांतम्मा म्हणाल्या.

"काढत न्हाई. त्याची सोयच लावतो. रोजची ही कटकट नको."

दुसऱ्याच दिवशी चंद्रप्पा बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासला गेले. क्लास चालवणाऱ्या तनुजाला ते पोरीच्या वयाची असूनही मॅडम म्हणू लागले. तिनं यंत्राची माहिती इंटरनेटवर शोधून काढली. ते कुण्या कंपनीचं नव्हतं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून त्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. तो सगळ्यांसाठी खुला होता. कुणीही वाचावा, कुणीही बदलावा.

"मग मीच बदलतो," चंद्रप्पा म्हणाले.

म्हणणं सोपं होतं. एक चिन्ह राहिलं की स्क्रीन लालेलाल व्हायची. बोटं चुकीच्या बटणावर पडायची. कधी ते चिडून उठायचे, दारापर्यंत जायचे आणि परत येऊन खुर्ची ओढायचे. पण 'जर असं, तर तसं' हे वाक्य त्यांना पटकन उमगलं. दुकानात जन्मभर तेच तर केलं होतं. तनुजानं जुन्या कॉम्प्युटरमधला एक छोटा पंखा काढून दिला. पाणी जरा तापलं की पंखा सुरू, गार झालं की बंद. बसल्या जागी वाक्यं जुळत गेली आणि एका दुपारी टाकीवरचा पंखा कुणी हात न लावता फिरायला लागला.

तनुजानं त्यांचं लिखाण त्या जगभरच्या मंडळींना पाठवून दिलं. खाली नाव घातलं, चंद्रप्पा, उदगीर. ब्राझीलमधल्या कुणीतरी आभार मानले. चंद्रप्पांनी ते आभार अर्ध्या बाजारपेठेला दाखवले.

त्यानंतर दुपारी फोन वाजला नाही. पुढंही नाही.

पहिले काही दिवस बरं वाटलं. मग त्यांचं दुकानात लक्ष लागेना. फोन खिशातून काढायचा, रेंज बघायची, परत ठेवायचा. गिऱ्हाईक बोलत असलं तरी त्यांची नजर रस्त्यावर. एकदा तर स्टीलच्या डब्याऐवजी बाईच्या हातात कळशी दिली. ऐन दुपारी कुणी बोलावलं नसताना ते घरी यायचे आणि टाकीत हात घालायचे. पाणी गार. मासे मजेत.

"पोराचा फोन आल्ता सकाळी," एकदा शांतम्मा म्हणाल्या. "माझ्याशीच बोलला. माशांचं काही विचारलं न्हाई."

चंद्रप्पांनी फोनवर महांतेशचं नाव काढलं आणि फोन परत खिशात ठेवला. बोलायचं काय? मासे बरे हायत, एवढं सांगायला कुणी फोन करतं का?

ते तडक क्लासला गेले.

"मॅडम, पाणी गार असतानाच निरोप जायला पाहिजे. तसं लिहायचंय."

"काका, मग तो बिघाड होईल की."

"बिघाडच करायचाय."

तनुजानं त्यांच्याकडं बघितलं. मग कीबोर्ड त्यांच्यापुढं सरकवला. "लिहा. तुम्हाला आता येतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रप्पा टाकीजवळच बसून होते. फोन पहिल्या रिंगलाच उचलला.

"अप्पा, अलर्ट आलाय."

"हाव. लई तापलंय पाणी. बाटली सोडायलोय," चंद्रप्पा म्हणाले. त्यांचा हात गार पाण्यात होता. बोटांभोवती मासे फिरत होते.



"मला इथून आकडा दिसतो अप्पा. पाणी गार हाय."

चंद्रप्पांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मशीन बिघडलं असंल."

"असंल."

"मग फोन कशाला केलास?"

"जेवलात का?" महांतेशनं विचारलं.

"न्हाई अजून. तू?"

"डबा उघडूनच बसलोय."

मग डब्यातल्या भाजीचं निघालं. भाजीवरून खोलीतल्या स्वयंपाकाचं, त्यावरून चंद्रप्पांच्या गुडघ्याचं, दुकानातल्या मंदीचं, साहेबाच्या तिरसटपणाचं. शांतम्मा ताट वाढून दारात उभ्या राहिल्या आणि हाक न मारताच आत गेल्या.

"बरं, ठेव आता. तुझं काम असंल," शेवटी चंद्रप्पा म्हणाले. "हे मशीन मी आजच नीट करून टाकतो. उगाच तुला ताप."

"अप्पा," महांतेश घाईघाईनं म्हणाला, "नीट नका करू."