फक्त 'हो' म्हणा

अनोळखी नंबर पाहून मालूबाईने फोन उचलताच सांगून टाकलं, "ओटीपी-बिटीपी मी देणार नाही, भाऊ."

"ओटीपी नको, ताई. इतवारीतल्या ट्रेनिंग सेंटरमधून बोलतोय. लॉकडाऊनमध्ये तुमचा लूम बंद पडला, मग आमच्याकडे केळीच्या खोडाचा धागा काढायला शिकलात. बरोबर?"

सगळं बरोबर होतं, म्हणून तर तिचा संशय आणखी वाढला.

"आम्ही नोकरी लावून दिली, त्याला आठ महिने झाले. खूश आहात ना? रेकॉर्डिंग चालू आहे, फक्त 'हो' म्हणा."

आठ महिने घरीच बसलेल्या मालूबाईने भिंतीला टांगलेल्या सर्टिफिकेटकडे पाहिलं.

"हो, बहुत खूश आहे," ती म्हणाली. "फक्त उद्या डबा घेऊन कुठं यायचं, तेवढं सांगा."