जुना करदाता

लेटिसनं वर्तमानपत्र सरळ चुलीत कोंबलं.

“अहो, काय लिहिलंय त्या मेल्यानं! म्हणे, आपल्या वाडवडिलांनी नदीचं हेच पाणी प्यायलं आणि चाळिशीच्या आत सुखानं डोळे मिटले. मग गटारं हवीत कशाला?”

“लिहू दे गं,” टोबायस वेनलॉक पावाला लोणी लावत म्हणाला. “चहा ओत.”

नवऱ्याचा हा थंडपणा तिला सहन होत नसे. टोबायस इंजिनिअर. गावाचं सांडपाणी नदीत न सोडता बंद गटारांतून दूर कसं न्यावं, यावर त्यानं पुस्तक लिहिलं होतं. दोन वर्षांत अकरा प्रती खपल्या. त्यातल्या चार तिच्या भावानंच घेतलेल्या. गेल्या ऑगस्टात नदीकाठच्या धोबिणीच्या दोन्ही मुली विषमज्वरानं गेल्या. दफनाहून परतल्यावर टोबायस तीन दिवस दार लावून खोलीत बसला होता.

आणि त्यानंतर दर शनिवारी हा ‘जुना करदाता’ पेपरात त्याच्या गटारांवर तुटून पडू लागला.

तो म्हणजे नगरसभेतला खाटीक स्नेथच, याबद्दल लेटिसला शंका नव्हती. तिनं त्याचं दुकान सोडलं. मटणासाठी दोन मैल चालत शेजारच्या गावी जाऊ लागली.

पण ब्रॅम्बरी गावात भलतंच घडलं. लोक करदात्याच्या पत्रांना हसू लागले. गुत्त्यात पेले उचलताना कुणीतरी ओरडे, “चाळिशीच्या आत, सुखानं!” मग त्या पुस्तकात आहे तरी काय, म्हणून लोकांनी ते मागवलं. मार्चमध्ये नगरसभेत मतदान झालं, तेव्हा स्नेथनंही गटारांच्या बाजूनं हात वर केला.

“त्या करदात्याच्या पंगतीत मला बसवू नका,” तो म्हणाला.

लेटिस मनातून ओशाळली. दुसऱ्याच दिवशी तिनं स्नेथच्या दुकानातून चरबी आणली, ती आणि मनुका घालून मोठं पुडिंग केलं आणि ते फडक्यानं झाकून टोपलीतून घेऊन संपादक पार्जेटरकडे गेली.

“त्या करदात्याचा पत्ता द्या. फार शिव्या घातल्या मी त्याला. पण त्याच्या मूर्खपणामुळेच आमच्या ह्यांचं काम झालं. हे त्याला नेऊन देते.”

पार्जेटरनं चष्मा पुसला. “नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय, बाई.”

“मग तुम्हीच पोचवा.”

त्यानं फडकं उचलून वास घेतला, पुडिंग पुन्हा नीट झाकलं आणि टोपली तिच्या हातात दिली.

“घरी न्या,” तो म्हणाला. “जेवताना पानात वाढा. मिळेल त्यांना.”