रूम नंबर सातची बोट

होडी तिसऱ्यांदा त्याच बाभळीसमोरून गेली, तेव्हा शरदचंद्र सरांनी तोंडातली शिट्टी काढून खिशात टाकली.

बदलापूरला उल्हास नदीच्या पात्रात त्यांचे चार विद्यार्थी मान मोडून वल्हवत होते. समोर बसून वृंदा ताल देत होती. आणि होडी पलीकडच्या काठाला जायचं सोडून घाण्याच्या बैलासारखी गोल फिरत होती. होडीची मालकीण सगुणाबाई काठावर उकिडवी बसून बघत होती. पलीकडे जाऊन परत या, मग महिनाभर सरावाला होडी देते, असं तिनं कबूल केलं होतं. पुढच्या महिन्यात ठाण्याच्या खाडीत कॉलेजांच्या शर्यती होत्या. होडी मिळाली नाही तर टीमचं नाव मागे घ्या, असं प्राचार्यांनी भर स्टाफरूममध्ये हसत हसत बजावलं होतं. ते हसणं सरांना फार लागलं होतं.

मेहनतीत सर कमी पडले, असं म्हणायची कुणाची बिशाद नव्हती. रूम नंबर सातमध्ये बाकं एकामागे एक लावून, हातात झाडूचे दांडे देऊन त्यांनी पोरं तयार केली होती. जायच्या दिशेला पाठ करून वल्हवायचं आणि पुढचं एकट्या वृंदानं बघायचं, हे पटवण्यातच पहिला आठवडा गेला. पण नंतर चारही दांडे असे एकदम हलत की शेजारच्या वर्गातली पोरं तास सोडून बघायला येत. घोळ एवढाच झाला की बाकं भिंतीला लागून होती. उजवीकडे दांडा फिरवायला जागाच नव्हती, म्हणून चौघंही डावीकडेच वल्हवायला शिकले. सरांकडच्या पुस्तकातलं चित्रही बोटीच्या एकाच बाजूचं होतं. हे सगळं सरांच्या डोक्यात आत्ता, नदीकाठी उजाडलं.

"दोघांनी बाजू बदला," ते काठावरून ओरडले.

कुठल्या दोघांनी, ते सांगायचं राहून गेलं. सरांचा शब्द खाली पडू द्यायची पोरांना सवय नव्हती. चौघांनी एकदम वल्ही उचलली, एकदम उजवीकडे टाकली, आणि होडी उलटी फिरायला लागली. टोकाला बसलेला गुरुदत्त घामाघूम होऊन विचारत होता, "सर, अभी बराबर है ना?" वृंदाला हसू आवरत नव्हतं, तरी तिनं ताल सोडला नव्हता.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगुणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, तशी त्यांनी आधीच माफी मागायला सुरुवात केली. म्हातारीचं लक्षच नव्हतं. ती होडीकडे बघत होती.

"होरी घेऊन जा, मास्तर," ती म्हणाली.

सरांना वाटलं, ही आपली थट्टा करतेय. "अहो सगुणाबाई, चौघंही एकाच बाजूला वल्हवतायत."

"मंग? मगाधरनं त्याच बगतंय मी," सगुणाबाई म्हणाली. "माजी पन चार पोरं हाईत, मास्तर. याच होरीन बसून वाढली. चौघं एका बाजूला वढताना मी आज पयल्यांदा बगितली, ती पन दुसऱ्याची."